वाढत्या अंगाचा लॅपटॉप



जून जवळ आला की आमच्या घोटावड्यात दोन कामांची घाई उडते. एक म्हणजे घर शाकारणं आणि दुसरं म्हणजे पोरांचे गणवेश. मुळशीचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. म्हणून तो यायच्या आधी फुटकी कौलं बदलायची, सरकलेली नीट बसवायची. आणि गणवेशाच्या दुकानात प्रत्येक आई एकच वाक्य म्हणते, "जरा वाढत्या अंगाचा द्या हो, यंदा घेतला की पुढल्या वर्षीही चालला पाहिजे!"

आज मी तुम्हाला लॅपटॉपची गोष्ट सांगणार आहे. मग कौलं आणि गणवेश मध्येच कुठून आले? थांबा, कळेल.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. रविवारी सकाळी माझ्या दारात मोटारसायकल थांबली. गावात दूध घालणारे एक दादा आणि त्यांची मुलगी. ही मुलगी पाचवीत माझ्या वर्गात होती. आता दहावीत आहे, पुढे तंत्रनिकेतनात जायचं म्हणते. दादांच्या हातात पिशवी आणि पिशवीत लॅपटॉप.

"गुरुजी, ह्याला काय झालंय बघा बरं. चालू केला की पाटी येते. दुकानदार म्हणतो आता हा भंगार. दुसरा घ्या."

लॅपटॉप पाहिला आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण हा लॅपटॉप २०२१च्या जानेवारीत माझ्याच सांगण्यावरून घेतलेला होता! शाळा बंद, अभ्यास मोबाइलवर, एका मोबाइलवर दोन भावंडं. दादांनी तेव्हा मला विचारलं होतं, "जुना लॅपटॉप मिळतोय १८ हजारांत. घेऊ का?" मी पाहिलं, रॅम ८ जीबी, आत वेगवान एसएसडी. मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "घ्या दादा, दहा वर्षं बघायला नको." दुधाचे पैसे साठवून त्यांनी तो घेतला.

चूक कुठे झाली सांगू? मी लॅपटॉपची ताकद पाहिली, पण तो किती दिवस चालेल हे पाहिलं नाही. शर्ट आज नीट बसतोय एवढंच पाहिलं, पुढच्या वर्षीचं पाहिलं नाही.

कारभारी बदलतो तेव्हा

संगणकात एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तुम्ही कळ दाबली, तिचं अक्षर पडद्यावर दाखव; चित्र काढलं, ते जपून ठेव; गाणं लावलं, आवाज बाहेर सोड; ही सगळी वाटणी तो करतो. विंडोज, लिनक्स, मॅक ओएस हे असे वेगवेगळे कारभारी. मोबाइलमधला अँड्रॉइड हा त्यांचाच भाऊ.

दादांच्या लॅपटॉपमध्ये विंडोज १० होतं. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ते २९ जुलै २०१५ रोजी आणलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याची नेहमीची देखभाल थांबवली. पडद्यावरची पाटी हेच सांगत होती.

देखभाल म्हणजे काय? शाकारणीच समजा ना! ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बारीक बारीक फटी सापडत राहतात. त्यातून चोर आत शिरू शकतो, आपले परवलीचे शब्द पळवू शकतो. कंपनी दर महिन्याला या फटी बुजवून पाठवते. ते येणं थांबलं म्हणून घर लगेच पडत नाही. दिवा लागतो, दार उघडतं. पण पाऊस आला की गळतं. ज्यांना लगेच बदल करणं शक्य नव्हतं, त्यांनी नाव नोंदवल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा दुरुस्त्या देण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली होती. पण ती सोय म्हणजे गळक्या छपरावर टाकलेला प्लॅस्टिकचा कागद. एक पावसाळा निघतो, एवढंच.

"मग सर, ह्यात विंडोज ११ टाकू या की," मुलगी म्हणाली.

तिथेच तर घोडं अडलं होतं.

विंडोज ११ येणार ही घोषणा २४ जून २०२१ रोजी झाली. म्हणजे दादांनी लॅपटॉप घेतल्यावर फक्त पाच महिन्यांनी! ५ ऑक्टोबर २०२१ला ते आलंही. आणि येताना अटींची यादी घेऊन आलं. रॅम किमान ४ जीबी, साठवण किमान ६४ जीबी. इथपर्यंत आमचा लॅपटॉप ऐटीत पास. पण पुढे आणखी तीन अटी होत्या.

पहिली अट टीपीएम २.० या भागाची. ही संगणकातली किल्ल्यांची पेटी. आपल्या माहितीला लावलेल्या कुलपांच्या किल्ल्या ती वेगळ्या, सुरक्षित जागी ठेवते.

दुसरी अट सिक्युअर बूटची. हा शाळेच्या फाटकावरचा शिपाई. संगणक सुरू होताना आत येणारा कारभारी खराच आहे की सोंग घेतलेला चोर, हे तो तपासतो.

तिसरी अट प्रोसेसरच्या पिढीची. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. इंटेल कंपनीचा असेल, तर थोडे अपवाद सोडले तर तो आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा हवा.

आमचा प्रोसेसर होता आय ५–६३००यू. सहाव्या पिढीचा. झालं! बाकी सगळ्या विषयांत चांगले गुण, आणि एका विषयात नापास.

मला लाज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. विंडोज ११ येणार हे जानेवारी २०२१मध्ये मला कळणं शक्य नव्हतं. पण विंडोज १०ची देखभाल ऑक्टोबर २०२५मध्ये संपणार, ही तारीख कंपनीने २०१५मध्येच छापून ठेवली होती. मी ती वाचली असती तर "दहा वर्षं बघायला नको" असं छातीठोक बोललो नसतो. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण वाचतो, औषधाच्या बाटलीवरची वाचतो. ऑपरेटिंग सिस्टिमलाही तारीख असते, हे मी विसरलो.

दादांना मी तसं सरळ सांगितलं. ते हसून म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी. पोरांची दोन वर्षं तरी निघाली त्याच्यावर. पण आता मात्र तुम्ही संगं चला. हिच्या आईची भिशी लागलीय, २५ हजारांची."

भिशीचे पैसे! म्हणजे महिन्याचे महिने पोटाला चिमटा घेऊन साठवलेले. आता चूक करून चालणार नव्हतं.

मोठ्या आकड्याची भुरळ

पुढच्या रविवारी आम्ही तिघं पुण्यात गेलो. मोठमोठ्या कंपन्या जुने झालेले लॅपटॉप काढून टाकतात. ते साफसूफ करून, दुरुस्त करून विकणारी दुकानं पुण्यात पुष्कळ आहेत. असा लॅपटॉप घेण्यात काही कमीपणा नाही बरं का. फक्त डोळे उघडे हवेत.

दुकानदाराने पहिला लॅपटॉप काढला. "हा बघा, आय ७! १६ हजार. विंडोज ११ टाकलेलंय."

खरंच की! पडद्यावर विंडोज ११ झळकत होतं. दादा खूश झाले. आय ५पेक्षा आय ७ मोठा, आणि किंमतही कमी. पण आमची मुलगी हुशार. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट असं करत तिने प्रोसेसरचं पूर्ण नाव काढलं. आय ७–६६००यू.

"सर, ह्यात पण रेघेनंतर सहाच आहे."

शाब्बास! मुलांनो, युक्ती अशी. आय ३, आय ५, आय ७ ही नुसती तुकडीची नावं आहेत. कोणत्या इयत्तेतली तुकडी, ते रेघेनंतरच्या आकड्यावरून कळतं. रेघेनंतर ६३०० असेल तर सहावी पिढी, ७२०० असेल तर सातवी, ८२५० असेल तर आठवी. आकडा १ने सुरू होत असेल तर पहिले दोन आकडे वाचायचे. म्हणजे १०३५ असेल तर दहावी पिढी, ११३५ असेल तर अकरावी, १२३५ असेल तर बारावी. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरची नावं जरा फसवी असतात. तिथे अंदाज करू नये, मायक्रोसॉफ्टच्या यादीतच नाव शोधावं. आणि २०२३च्या अखेरीपासून इंटेलने नवी नावं सुरू केली, कोअर अल्ट्रा वगैरे. ते प्रोसेसर नवेच असल्यामुळे त्यांची काळजी नाही.

पण मग नापास लॅपटॉपवर विंडोज ११ आलं कुठून? तपासणी चुकवून ते बसवण्याच्या खटपटी असतात. शिपायाचा डोळा चुकवून कुंपणावरून उडी मारावी, तसं. चालतंही ते. पण अशा संगणकांना पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलेलं आहे. म्हणजे पुन्हा गळकं छप्पर, फक्त कौलांना नवा रंग लावलेला!

म्हणून लक्षात ठेवा. पडद्यावर काय दिसतं ते नंतर, यंत्र काय आहे ते आधी.

साहेबसुद्धा फसले होते

आपण खेडेगावातले म्हणून फसतो असं नाही हं. २००६ सालची गोष्ट ऐका. मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज व्हिस्टा' यायचं होतं. ते यायच्या आधीच दुकानातल्या लॅपटॉपांवर चिकटपट्टी लागली, 'विंडोज व्हिस्टा केपेबल', म्हणजे 'व्हिस्टा चालवू शकेल असा'. लोकांनी पट्टी पाहून लॅपटॉप घेतले. ३० जानेवारी २००७ रोजी व्हिस्टा बाजारात आलं आणि कळलं, की यातल्या बऱ्याच लॅपटॉपांवर फक्त साधी आवृत्ती धड चालते. जाहिरातीतल्या काचेसारख्या चकाकणाऱ्या खिडक्या त्यांच्यावर दिसतच नव्हत्या.

ग्राहक अमेरिकेत कोर्टात गेले. खटल्यात कंपनीची आतली पत्रं बाहेर आली. त्यात खुद्द मायक्रोसॉफ्टचे एक मोठे अधिकारी, माइक नॅश, यांनी लिहिलं होतं की आपण २१०० डॉलरचा लॅपटॉप घेतला आणि तो आता फक्त ई-मेल पाहण्याच्या कामाचा उरला आहे! सगळ्या ग्राहकांचा मिळून एकत्र खटला २००९मध्ये न्यायाधीशांनी पुढे चालू दिला नाही. पण धडा राहिलाच. 'चालू शकेल' आणि 'चांगलं चालेल' यात फार अंतर असतं.

दहावीला ३५ गुण मिळाले की पास. पण ३५ गुण मिळाले म्हणून घरात पेढे वाटतात का? कंपनी सांगते ती किमान अट म्हणजे हे ३५ गुण. ४ जीबी रॅम म्हणजे काठावर पास. ८ जीबी म्हणजे पहिला वर्ग. १६ जीबी म्हणजे विशेष प्राविण्य. ६४ जीबी साठवण किमान अटीत बसते, पण ती इतकी लवकर भरते की पुढची दुरुस्ती उतरवायला जागाच उरत नाही. २५६ जीबीची एसएसडी असली की निश्चिंत. जुनी गरगर फिरणारी हार्ड डिस्क मात्र नकोच. तिच्यावर नवा कारभारी म्हणजे एक्क्याला जुंपलेलं गाढव.

आणि या अटी वाढतच जातात. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आलं, तेव्हा त्याला किमान रॅम लागत होती ४ एमबी. विंडोज ११ला लागते ४ जीबी. १ जीबी म्हणजे १०२४ एमबी. मग किती पट झाली, सांगा पाहू? बरोबर, १०२४ पट!

तुम्ही म्हणाल, "सर, मग जुनंच चालू ठेवू ना! नव्याचा हव्यास कशाला?" प्रश्न बरोबर आहे. पण नव्यातून कधी कधी फार मोलाचं मिळतं. पूर्वी संगणकावर मराठी लिहायचं तर प्रत्येक फॉन्टचं शास्त्र वेगळं. एका संगणकावर लिहिलेलं पत्र दुसऱ्यावर उघडलं की नुसती चित्रविचित्र अक्षरं! २००० साली आलेल्या विंडोज २०००मध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली आणि आपली मराठी त्या पेचातून सुटू लागली. आधीच्या विंडोज ९८मध्ये ती तशी नव्हती. म्हणजे कारभारी बदलल्याने आपली अक्षरं आपल्याला मिळाली. म्हणून नव्याला उगाच भ्यायचं नाही, आणि उगाच भुलायचंही नाही.

काठावर पास नको

आता परत दुकानात जाऊ. दुकानदाराने दुसरा लॅपटॉप काढला. आय ५–८२५०यू, १९ हजार. आठवी पिढी. मी म्हणालो, "हा बसतो नियमात." दादांनी पाकिटाला हात घातला. तेवढ्यात मुलगी हळूच म्हणाली,

"सर, पण हा पण काठावरच पास आहे ना? पुढचा कारभारी आला आणि त्याने दहावी पिढी मागितली तर?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. पाच वर्षांपूर्वी मी जो प्रश्न विचारायला हवा होता, तो आज तिने विचारला होता! पुढच्या कारभाऱ्याच्या अटी आज कोणालाच सांगता येणार नाहीत. पण आपण काठापासून दोन पावलं आत उभं राहू शकतो.

दुकानदाराने मग तिसरा दाखवला. आय ५–११३५जी७, अकरावी पिढी. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. किंमत २४ हजार. मुलीने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या. एक खिडकी उघडली. त्यात मेमरीवर जाऊन तिने पाहिलं, रॅमच्या दोन खाचांपैकी एक रिकामी. म्हणजे पुढेमागे पैसे जमले की रॅम वाढवता येणार. काही लॅपटॉपांत रॅम पाटीवर डाखलेलीच असते, ती मग जन्मभर तेवढीच. हा गणवेश मात्र शिवण उसवून वाढवता येणारा निघाला!

आम्ही मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा फुकट मिळणारा कार्यक्रम त्यावर चालवला. सगळ्या अटींपुढे बरोबरच्या खुणा. मग चार्जर काढून अर्धा तास लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवला. दुकानदार जरा कंटाळला, पण आम्ही हललो नाही. विंडोज रीतसर नोंदलेलं आहे ना, हे सेटिंग्जमध्ये पाहिलं. पक्कं बिल घेतलं आणि त्यावर सहा महिन्यांची हमी लिहून घेतली.

परत येताना दादा म्हणाले, "गुरुजी, बैल घेताना आम्ही दात बघतो. ह्याचे दात कुठे असतात ते आज कळलं."

भंगार कोण म्हणतं?

आणि जुन्याचं काय? तो भंगारात गेला का? मुळीच नाही!

विंडोज हा एकच कारभारी नाही, हे मी सुरुवातीला म्हणालो होतो. लिनक्स नावाचा कारभारी फुकट मिळतो. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक ही सरकारी संस्था, जिने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बांधला, तिच्या चेन्नईच्या केंद्राने लिनक्सवरच आधारलेली 'बॉस' ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली आहे. तीत आपल्या भाषांची सोय आहे. केरळमधल्या सरकारी शाळांमध्ये तर कित्येक वर्षं मुलं लिनक्सवरच शिकतात.

आम्ही दादांच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू नावाचं लिनक्स बसवलं, एप्रिल २०२४ची आवृत्ती. आधी सगळे फोटो आणि कागद पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, हे विसरू नका. या वेळी मी तारीख मात्र वाचली! तिची देखभाल २०२९ पर्यंत आहे. आता त्यावर मुलीचा धाकटा भाऊ चित्रं काढतो, टंकलेखन शिकतो. विंडोजचे काही कार्यक्रम लिनक्सवर चालत नाहीत, म्हणून कॉलेजच्या कामाला तो पुरला नसता. पण चौथीतल्या पोराला तो राजाचा घोडा आहे.

दुकानात जाण्यापूर्वी

एका कागदावर हे पाच प्रश्न लिहून खिशात ठेवा.

१. यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमची देखभाल कोणत्या तारखेपर्यंत आहे?
२. प्रोसेसरचं पूर्ण नाव काय? रेघेनंतर कोणता आकडा आहे?
३. टीपीएम २.० आहे का? कधी कधी ते असतं, पण झोपलेलं असतं. संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन जागं करता येतं.
४. रॅम आणि एसएसडी किती? पुढे वाढवता येईल का?
५. पक्कं बिल आणि लेखी हमी मिळेल का?

पालकांना एक विनंती. प्राथमिक शाळेतल्या मुलाला स्वतःचा लॅपटॉप हवाच असं नाही. शेजाऱ्याने घेतला म्हणून कर्ज काढून घेऊ नका. पण घ्यायची वेळ आलीच, तर मुलांना दुकानात बरोबर न्या आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. आमच्या भिशीचे पैसे एका मुलीच्या प्रश्नाने वाचले. आणि आम्हा शिक्षकांना सल्ला विचारलात, तर "तारीख पाहिलीत का?" हेही जरूर विचारा. आम्हीसुद्धा चुकतो.

आता गृहपाठ. घरी, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत जो संगणक असेल, त्याच्या प्रोसेसरचं पूर्ण नाव मोठ्यांच्या परवानगीने वहीत उतरवून घ्या. तो कोणत्या पिढीचा, ते ओळखा. त्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव आणि तिच्या देखभालीची शेवटची तारीख शोधा. कौल फुटलेलं असेल तर पाऊस यायच्या आधी मोठ्यांना सांगा.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोपर्यंत अभ्यास करा, खेळा, आणि गणवेश घ्यायला गेलात तर जरा वाढत्या अंगाचाच घ्या!

तुमचे,
गुरुजी